व्हर्डेलची टाच

लुशियस पेटवेनं जन्मात एकदाच बूट काढून पियानो वाजवला, आणि नेमकं तेवढंच वाजवणं रेकॉर्डवर उतरलं. एरवी शिकागोच्या दक्षिणेकडच्या वस्तीत बूगी-वूगी वाजवणाऱ्याचे पाय गप्प असले तर लोक त्याला बरं नाही की काय म्हणून विचारत. त्या वाजवण्याची तऱ्हाच तशी. डावा हात जात्यासारखा एकाच घेरात फिरत राहतो, उजवा त्यात मनाला येईल ते टाकत जातो, आणि खाली लाकडी जमिनीवर कुणाचा तरी पाय पडत असतो. तो पाय थांबला की नाचणारे थांबतात, आणि नाचणारे थांबले की पार्टी उठते.

पार्ट्या शनिवारच्या. ज्याचं घरभाडं तुंबलं असेल त्यानं खाटा-टेबलं जिन्यात काढून ठेवायची, बायकोनं मासे तळायचे, डुकराचे पाय उकडायचे, दाराशी पैसे टाकायला एक टोपी उलटी ठेवायची आणि लुशियसला निरोप धाडायचा. आठवडाभर तो इमारतींच्या तळघरात बॉयलरला कोळसा घाली, राख उपसून बाहेर टाकी. शनिवारी नखांतली काजळी घासून घासून काढी आणि पियानोपाशी बसे. ढोल वाजवणारा बोलावण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. लुशियसला ती गरजही नव्हती, कारण त्याच्याकडे व्हर्डेल होती.

व्हर्डेल त्याची बायको. लहानपणी अलाबामात खेचराच्या गाडीवरून पडून तिचा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला होता, म्हणून त्या पायाच्या बुटाला चांभारानं चामड्याचे थरावर थर ठोकून जाड टाच बसवली होती. दिवसभर ती धुलाईच्या कारखान्यात उभ्यानं इस्त्री करी. संध्याकाळी पियानोच्या डाव्या कडेला एक हात टेकून उभी राही आणि त्या टाचेनं ताल देई. तो आवाज टपटप करणाऱ्या बुटांचा नव्हता; उखळात मुसळ पडावं तसा भरलेला, गोल होता. लुशियसनं जी एक चाल बसवली होती ती तर त्या टाचेवरच उभी होती, इतकी की वस्तीतले लोक तिला ‘व्हर्डेलची चाल’ म्हणत. रात्र संपेपर्यंत ती अशी उभी असे. तिला कुणी खुर्ची दिल्याचं कुणाला आठवत नाही. लुशियसला तर नाहीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका मार्चमध्ये केस्लर नावाच्या गोऱ्या साहेबाकडून बोलावणं आलं. रेकॉर्ड काढायची होती. नवराबायको ठेवणीतले कपडे घालून शहराच्या मध्यभागातल्या उंच इमारतीत गेली, मालाच्या लिफ्टनं वर चढली आणि जाड गालिचे टांगलेल्या एका खोलीत जाऊन उभी राहिली. त्या काळी वाजवलेलं थेट मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जाई. चुकलं की चकती वाया. लुशियसनं सुरुवात केली, व्हर्डेलनं टाच मारली, आणि आतल्या खोलीतून केस्लर धावत बाहेर आला.

“सुई उडतेय! कसला हादरा बसतोय हा?” त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर व्हर्डेलच्या पायाशी येऊन थांबली. “हिला बाहेर बसव. आणि तूही बूट काढ. पाय आपटायची खोड असते तुम्हा लोकांना.”

लुशियसच्या पायांखाली घोंगडीची घडी सरकवण्यात आली. व्हर्डेलनं केस्लरकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

लुशियसला त्या क्षणी दोन शब्द बोलता आले असते. हिच्याशिवाय ही चाल नाही साहेब, एवढंच. पण समोर पियानो असा होता की त्यानं आयुष्यात तसा पाहिला नव्हता, एकूण एक पट्टी शाबूत, आणि माणसाची हाव काही पैशाचीच असते असं नाही. तो म्हणाला, “बस ना जरा बाहेर. तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“बसते की,” व्हर्डेल म्हणाली. “मला कुठं उभं राहायची हौस आहे.”

ती गेली. एकापाठोपाठ एक दोन दारं लागली. लुशियसनं मोज्यांनिशी बसून चाल वाजवली आणि ती पहिल्याच फेरीत चकतीवर उतरली. केस्लर खूश झाला. चालीचं नाव काय लिहू, म्हणून त्यानं विचारलं. परक्या गोऱ्या माणसापुढे बायकोचं नाव घ्यायचं लुशियसच्या जिवावर आलं, तो म्हणाला, “लिहा काहीही. बॉयलर बूगी लिहा.”

तो बाहेर आला तेव्हा बाक रिकामा होता. रखवालदार पाय पसरून बसला होता. “ती होय? आत पियानो सुरू झाला तशी उठली आणि गेली. जिन्यानंच गेली. म्हटलं बाई, लिफ्ट आहे, तर म्हणाली, मला सवय आहे.”

घरी चुलीवर मोहरीची भाजी आणि मक्याची भाकरी झाकून ठेवलेली होती, एकट्यापुरती. व्हर्डेलची पत्र्याची पेटी जागेवर नव्हती. तीन मिनिटांसाठी कुणी संसार टाकून जात नाही हे खरं, पण घडा भरत आलेला असला की वरून पडायला एक थेंब पुरतो, आणि घडा किती भरलाय हे लुशियसनं कधी वाकून पाहिलं नव्हतं. तो धावत तिच्या बहिणीकडे, ओझेलाकडे, गॅरी गावाला गेला. ओझेलानं दार उघडलं, त्याला पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

रेकॉर्ड उन्हाळ्यात आली. त्रेचाळिसाव्या रस्त्यावर टॉलिव्हरचं मद्यालय होतं, तिथल्या ज्यूकबॉक्समध्ये, नाणं टाकलं की वाजणाऱ्या पेटीत, ती लागली आणि वस्तीतले निम्मे लोक ऐकायला जमले. टॉलिव्हर पोट सांभाळत काउंटरच्या मागून बाहेर आला, मान डोलावत राहिला आणि चाल संपल्यावर म्हणाला, “सगळं झकास आहे रे पेटवे. पण पाय कुणाचा?”

“कसला पाय?”

“हा काय, ठप, ठप. तुझा तर नाही खास. तू पाय आपटतोस तेव्हा जिन्यावरून बटाट्याचं पोतं घरंगळल्यासारखं वाटतं.”

सगळे हसले. लुशियसही हसला, आणि रेकॉर्ड पुन्हा लागली तसा त्यानं कान पेटीच्या लाकडाला लावला. डाव्या हाताच्या सुरांच्याही खाली, दूर, कुणीतरी भिंतीपलीकडे उभं असावं तसा तो आवाज होता. गोल. भरलेला. दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा लुशियसनं त्या आवाजाचा आधार धरला. म्हणजे ती लगेच गेली नव्हती तर. बाहेर बाकापाशी उभी राहून तिनं ताल दिला होता, चाल संपेपर्यंत साथ केली होती आणि मगच गेली होती. रखवालदाराला डुलकी लागली असणार. दोन जाड दारं आणि टांगलेले गालिचे ओलांडून तो आवाज मेणापर्यंत पोचला कसा, हा विचार त्यानं मनात येऊ दिला नाही. आपल्याला सोडून गेलेलं माणूस रागावून गेलेलं नाही, एवढं कळलं तर बाकीच्या चौकशा कोण करतो!

त्या दिवसापासून त्याचा नेम ठरून गेला. दुपारचा कोळसा घालून झाला की तो हात धुऊन टॉलिव्हरकडे जायचा, ज्यूकबॉक्समध्ये एक नाणं टाकायचा आणि पेटीला टेकून उभा राहायचा. टॉलिव्हर म्हणायचा, “स्वतःचंच लग्न आणि स्वतःच आहेर. वा रे पेटवे!” पण लुशियस पियानो ऐकतच नसे. पियानोच्या खालून जी बाई चालत होती तिच्यासाठी तो यायचा, आणि रोज मनातल्या मनात तिला म्हणायचा, चुकलं माझं. पार्ट्यांना जाणं त्यानं हळूहळू सोडलं. दुसऱ्या कुणाच्या पायावर ती चाल उभी राहत नव्हती.

युद्ध आलं आणि गेलं. रेकॉर्डी ज्यापासून बनत ती लाख मिळेनाशी झाली तशा जुन्या रेकॉर्डी पुन्हा निघेनात, तीच एक तबकडी पोलादी सुईखाली रोज झिजत राहिली, आणि झिजलेली रेकॉर्ड वाजते तशीच ती वाजू लागली. आधी उजव्या हाताचे बारीक सूर खरखरीत बुडाले, मग डावा हातही पुसट झाला. टाच मात्र झिजली नाही. उलट ती भिंतीपलीकडून अलीकडे आली, मग खोलीच्या मध्यावर आली, आणि पियानोचा जेमतेम मागमूस उरला तेव्हाही काउंटरवरचे पेले किणकिणावेत इतकी ती स्पष्ट होती.

“पेटवे, बदल ही आता,” एकदा टॉलिव्हर म्हणाला. “गिऱ्हाइकं विचारतात, वरच्या मजल्यावर भिंत पाडताय काय.”

तेव्हा लुशियस शेजारच्या मिसेस क्रेन्शॉकडे गेला. ती न्हाव्याची विधवा. नवऱ्यानं हौसेनं ती रेकॉर्ड घेतली होती आणि दुसऱ्याच आठवड्यात ग्रामोफोन बिघडला होता, त्यामुळे ती कधी लागलीच नव्हती. आता भाच्यानं यंत्र दुरुस्त करून दिलं होतं. तबकडी पाकिटातून निघाली ती काळी कुळकुळीत, तोंड दिसावं अशी. लुशियसनं स्वतःच्या हातानं नवी सुई बसवली.

पियानो तितकाच पुसट होता. मद्यालयातल्या तबकडीवर जिथं जिथं तो बुडत असे, तिथं तिथं इथंही बुडत होता, आणि टाच तितकीच जवळ होती. चाल संपली. टाच थांबली नाही. मधल्या कागदापर्यंत सुई घरंगळत गेली तोवर ती पडत राहिली, आता हळू, एक ठोका पडायचा आणि पुढचा ओढत ओढत यायचा, दिवसभर उभा राहिलेला पाय उचलावा तसा.

“दमलंय बिचारं कुणीतरी,” मिसेस क्रेन्शॉ सहज म्हणाली आणि कॉफी आणायला आत गेली.

लुशियसनं कॉफी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यानं गॅरीची गाडी पकडली आणि चर्चहून परतणाऱ्या ओझेलाला तिच्याच दारात गाठलं. ती आता म्हातारी दिसत होती. तिनं त्याला आपादमस्तक पाहिलं, हातांतले पांढरे मोजे काढले आणि म्हणाली, “ये. दार लावायचं तेव्हा लावलं. आता कशासाठी लावू?”

स्वयंपाकघरात बसल्यावर तिनं सरळच सांगितलं. व्हर्डेल अलाबामात, मोबीलला आईकडे राहिली होती. युद्ध चालू असतानाच तिथं वारली. लुशियसला कळवायचं नाही असं तिनं सर्वांना बजावलं होतं.

लुशियसनं विचारलं, “कशानं?”

“पायानं,” ओझेला म्हणाली. “म्हणजे डॉक्टर म्हणाला, हृदय. पण मी महिनाभर तिथं जाऊन राहिले होते, मी पाहिलंय. दुपार झाली की जिथं असेल तिथं उभी राहायची. चुलीपाशी असली तर चुलीपाशी, जेवत असली तर ताटावरून उठून. डावा पाय आपटत राहायची. अगं बस, म्हटलं तर म्हणायची, बसता येत नाही. दोन-तीन मिनिटं चालायचं ते, मग मटकन खाली बसायची आणि घामानं भिजलेली असायची.”

“दुपारी,” लुशियस म्हणाला.

“रोज दुपारी. न चुकता. इतर वेळीही व्हायचं, शनिवारी तर फारच, पण दुपार कधी चुकली नाही. आईनं पाय बांधून पाहिला, मालिश केलं, पाद्रीबाबांना बोलावलं. काही उपयोग नाही. शेवटी शेवटी झोपेतही पाय चालायचा.” ओझेलानं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. “तुला का घाम फुटलाय रे?”

चोराच्या मनात चांदणं. लुशियसनं कपाळ पुसलं आणि म्हटलं, “तिनं ती रेकॉर्ड ऐकली होती का कधी?”

“कुठली रेकॉर्ड? आईकडे साधा रेडिओ नव्हता.”

“माझ्याबद्दल काही बोलली?”

“एकदा बोलली. पाय चोळत होते मी तिचा. म्हणाली, त्यानं कधीतरी एखादी खुर्ची ओढून दिली असती, तर बरं झालं असतं गं.”

परतीच्या गाडीत लुशियस उभ्यानं आला. जागा होत्या, पण त्याला बसवेना. युद्ध संपून इतकी वर्षं झाली होती, ती त्याही आधी गेली होती, आणि तरीही परवाच्या दुपारपर्यंत तो नाणं टाकत आला होता. चुकलं माझं, असं म्हणायला रोज तिला उभं करत आला होता. यापेक्षा त्यानं तिला विसरून दुसरी केली असती तर ती सुखानं बसली तरी असती.

सोमवारी त्यानं टॉलिव्हरकडून ती तबकडी मागून घेतली. “घेऊन जा बाबा, पेटीतली एक जागा तरी मोकळी होईल,” टॉलिव्हर म्हणाला. ती फोडायचा त्याला धीर झाला नाही. फोडलं तर काय मोडेल कोण जाणे. घरी जमिनीवर सपाट ठेवून वर त्यानं उशी ठेवली. पण रेकॉर्ड काय एकच होती? सेंट लुईसला होती, डेट्रॉइटला होती, कुठकुठल्या खाणावळीत, कुणाकुणाच्या दिवाणखान्यात होती. जेवताना मध्येच त्याचा घास हातात राहायचा. आत्ता कुणीतरी लावली असेल. आत्ता ती कुठंतरी उठून उभी राहिली असेल.

अशात हॅलोरन नावाचा एक तरुण गोरा त्याला शोधत थेट बॉयलरच्या खोलीत उतरला. कोळशाच्या धुळीत त्यानं टोपी काढून हातात धरली. जुन्या पियानोवाल्यांची एक मोठी रेकॉर्ड तो काढत होता. “मिस्टर पेटवे, तुमच्या बॉयलर बूगीचा मूळ साचा युद्धात भंगारात गेला. बाजारातल्या तबकड्यांवर काहीतरी दोष आहे, नुसते ठोके ऐकू येतात. तुम्ही ती पुन्हा वाजवाल का?”

“नाही,” लुशियस म्हणाला, आणि फावडं उचलून कामाला लागला. हॅलोरन जिना चढून दारापर्यंत पोचला होता तेव्हा लुशियसच्या मनात आलं की नवी रेकॉर्ड निघाली तर लोक तीच लावतील, जुन्या अडगळीत जातील. आणि नव्या रेकॉर्डमध्ये काय असावं, काय नसावं हे या वेळी आपल्या हातात आहे. त्यानं हाक मारली.

“मी बूट काढणार नाही.”

“छे, छे, कशाला काढायचे?”

“चालीचं नाव ‘व्हर्डेलची चाल’ असं छापायचं.”

“छापू.”

“आणि पियानोच्या डाव्या बाजूला एक खुर्ची पाहिजे. चांगली, पाठीची. बसायला मऊ.”

“कुणासाठी?”

“माझ्या बायकोसाठी.”

“अवश्य आणा त्यांना,” हॅलोरन हसून म्हणाला. “मी स्वतः मांडतो.”

बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतात, आणि लुशियसला ते कळत नव्हतं असं नाही. पण उशिरा केलेला झोपाही माणूस का करतो, तर त्याला रात्री झोप यावी म्हणून. दोन आठवडे तो घरातल्या टेबलाच्या कडेवर बोटं चालवत राहिला, कारण पियानो त्याच्यापाशी उरला नव्हता. बोटं जाड झाली होती. डावा हात मात्र काही विसरला नव्हता.

ठरलेल्या दिवशी सकाळी तो रेकॉर्डिंगला गेला. खोली स्वच्छ होती, भिंतीत मोठी काच होती, काचेपलीकडे हॅलोरन आणि यंत्र चालवणारा एक माणूस बसले होते. आता मेण नव्हतं, टेप होती; सुई उडायची भीती कुणालाच नव्हती. पियानोच्या डाव्या कडेला, उघड्या झाकणाच्या आडोशाला, निळ्या गादीची खुर्ची मांडलेली होती. लुशियसनं रुमालानं तिची गादी पुसली, ती थोडी मागं ओढली, म्हणजे पाय लांब करता येतील, आणि हळूच म्हणाला, “बस. या वेळी नुसती बस. तू काही करायचं नाहीस.”

मग तो स्टुलावर बसला. भिंतीवरचा तांबडा दिवा लागला.

त्यानं वाजवायला घेतलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. बोटांवरची वर्षं उतरून गेली होती. डावा हात फिरू लागला तसा उजव्याला पूर्वी कधी न सुचलेलं सुचू लागलं, इस्त्रीची वाफ, तळलेले मासे, जिन्यात रचलेल्या खाटा, सगळं त्या सुरांत येऊन बसलं. त्यानं पाय जमिनीवर गच्च टेकून ठेवले होते आणि सारा जीव कानांत आणला होता. पियानोच्या खाली काही नव्हतं. भिंतीपलीकडे नाही, खोलीत नाही, कुठंच नाही. टाच गप्प होती. बसली, लुशियसच्या मनात आलं, अखेर बसली ती, आणि त्याचे डोळे भरून आले आणि पट्ट्या दिसेनाशा झाल्या तरी हात थांबले नाहीत. शेवटची फेरी त्यानं दुप्पट जोरानं घेतली, शेवटचा ठोका दोन्ही हातांनी दिला आणि तो विरेपर्यंत पट्ट्या दाबून धरल्या.

तांबडा दिवा तसाच होता. घाम हनुवटीवरून पट्ट्यांवर ठिबकत होता. काचेपलीकडे हॅलोरन मान डोलावत, बोटानं टेबलावर ताल धरून बसला होता. थोड्या वेळानं तो पुढे वाकला, आणि खोलीतल्या भोंग्यातून त्याचा आवाज आला, अदबीचा, थोडासा अवघडलेला.

“मिस्टर पेटवे, बाईंनी ताल अगदी झकास धरलाय. टेप केव्हाची फिरतेय. तुम्ही सुरू करताय ना?”